अण्णांना फरक दिसत नाही

माणसाला डोळे दोन असतात. पण त्या डोळ्यांना नेमकं काय दिसलं, हे ठरवायला घरातली उरलेली सगळी माणसं लागतात. कुटुंबसंस्था या तत्त्वावर उभी आहे. ज्या घरात ते पाळलं जात नाही, तिथे लोक आपापल्या डोळ्यांनी बघू लागतात आणि मग व्हायचं तेच होतं. आमचं घर अजून शाबूत आहे, आणि त्याचं श्रेय एका वायरला आहे.

ही वायर माझ्या मेव्हण्यांनी आणली. मेव्हणे, म्हणजे बायकोचे थोरले बंधू, टेक्निकल आहेत. (नोकरी विम्याच्या कचेरीत करतात. टेक्निकल ते स्वभावाने आहेत.) आमच्याकडे नवा टीव्ही आला त्या संध्याकाळी ते मुद्दाम आले. टीव्हीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट मागे गेले आणि सेट टॉप बॉक्सची वायर दोन बोटांत धरून म्हणाले, "भाऊजी, ही कुठली?"

"खोक्यात आली. टीव्हीबरोबर फुकट."

मेव्हण्यांनी डोळे मिटले. फुकट हा शब्द टेक्निकल माणसाला सोसत नाही.

"आणि वायर म्हणू नका," डोळे मिटूनच ते म्हणाले. "केबल म्हणा."

पुढच्या रविवारी ते केबल घेऊन आले. ती मखमली पिशवीत होती. तिची किंमत टीव्हीच्या निम्म्याहून थोडी जास्त होती, आणि ती अर्थातच मी द्यायची होती. नाकापेक्षा मोती जड, असं काही कोत्या मनाचे लोक म्हणतील. पण मोती जड असल्याशिवाय आपल्याला नाक आहे हे शेजाऱ्यांना कसं कळणार? केबलची वैशिष्ट्यं मेव्हण्यांनी सांगितली ती अशी:

एक. दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा. (ही टोकं यंत्राच्या पोटात जातात, त्यामुळे सोनं कुणाला दिसत नाही. खानदानी श्रीमंती अशीच असते.)

दोन. वरच्या विणलेल्या कापडावर बाण. त्यामुळे कुठल्या दिशेने जायचं हे चित्राला कळतं. (फुकटच्या वायरीत चित्र चाचपडत जातं. आमचं चित्र आजवर चुकून स्वयंपाकघरात गेलं नव्हतं, हा केवळ योगायोग.)

तीन. केबल मुरावी लागते. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही तर केबल कच्ची समजावी. त्यानंतर दिसला नाही तर माणूस.

आठवडा झाला. केबल मुरली. मेव्हण्यांनी आम्हा सर्वांना ओळीत बसवलं आणि पडद्यावर एक पान लावलं. हिरवं पान, त्यावर पाण्याचा थेंब. बाकी काही घडत नव्हतं.

"बघा," मेव्हणे म्हणाले.

"दादा, काळा केवढा काळा आलाय!" बायको म्हणाली. (पडद्यावर काळं काही नव्हतं. पण सख्खा भाऊ आहे.)

"कडा बोलतायत," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून कसे आले ते मला ठाऊक नाही, पण मेव्हण्यांनी माझ्याकडे इतक्या प्रेमाने माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आई टीव्हीकडे पाठ करून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. "मला तर बाई केव्हाच दिसला," ती म्हणाली.

राहिले अण्णा. माझे वडील. ते खुर्चीत पुढे सरकले, मागे सरकले, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "चित्र काल येत होतं. आजही येतंय. फरक कसला?"

मेव्हण्यांनी उठून केबलवर मखमली पिशवी पांघरली.

इथे थोडी आकडेवारी देणं भाग आहे. पाचांपैकी चौघांना फरक दिसला, म्हणजे ऐंशी टक्के. ऐंशी टक्क्यांवर जगात मोठमोठे निर्णय होतात. प्रश्न फक्त वीस टक्क्यांचं काय करायचं एवढाच होता, आणि ते वीस टक्के चहा मागत होते.

मेव्हण्यांनी प्रश्नाची उकल शांतपणे केली. फरक आहे, हे सिद्ध आहे, कारण त्याचे पैसे दिलेले आहेत. अण्णांना तो दिसत नाही. म्हणजे अण्णांची नजर गेली. नजर गेलेला माणूस स्कूटर चालवतो. "भाऊजी, उद्या काही झालं तर तोंड कुठे लपवाल?" अण्णांच्या स्कूटरची चावी मी खुंटीवरून काढली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

अण्णांची ती स्कूटर माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि घरात तिचा मान तेवढा आहे. रोज दुपारी चार वाजता तिच्यावरून ते गावाच्या दुसऱ्या टोकाला एका मित्राच्या गॅरेजमध्ये पत्ते खेळायला जात. तिथे बस जात नाही, आणि अण्णा गेले नाहीत तर उरलेल्या तिघांचा डाव बसत नाही. चावी गेल्यावरही चार वाजले की अण्णा चपला घालून दाराशी जायचे. मग आठवायचं. मग चपला काढून पुन्हा खुर्चीत बसायचे आणि त्या हिरव्या पानाकडे बघत राहायचे. मला फार वाईट वाटायचं. पण वाईट वाटणं वेगळं आणि वाहतुकीची सुरक्षितता वेगळी.

अन्याय होऊ नये म्हणून आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अण्णांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे," बाई म्हणाल्या.

मेव्हणे तोवर तपासणीच्या यंत्रामागे वाकले होते. "डॉक्टर, स्क्रीनला केबल कुठली?"

"यंत्राबरोबर आली तीच. का हो?"

मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली, आणि अहवाल बाद झाला. (बाईंनी पुढे केबल बदलली आणि फी वाढवली. पेशंटांना छापील तक्त्यावरचीही अक्षरं आता ठसठशीत दिसतात, असं त्या सांगतात. चष्म्यांचा खप मात्र घटलेला नाही.)

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. "मला दिसत नाही ते दिसतंय म्हणून कसं सांगू?" असं ते आईला म्हणाले. आई उशांना अभ्रे घालत होती.

"अहो, तुम्हाला खरं हवंय की चावी हवीय?"

"चावी."

"मग नीट बघा की जरा. तुमच्या बहिणीचं गाणं संपलं की मी चाळीस वर्षं वा म्हणतेय. झालं का मला काही?"

अण्णा बराच वेळ गप्प होते. इतकी वर्षं बहीण गाते चांगली असं त्यांना वाटत होतं, त्यामुळे थोडा वेळ लागणारच.

रविवारी अण्णांनी स्वतःहून फेरतपासणीची मागणी केली. मेव्हणे आपल्या मोटारीने आले. पान लावलं गेलं. अण्णांनी चष्मा पुसला, घातला आणि एकदम मागे रेलले.

"अरे बाप रे."

"काय झालं?" मेव्हणे पुढे झाले.

"अहो, काय हे! थेंब ओला आहे!"

"वा!" मेव्हणे म्हणाले.

"देठाला धूळ. देठावर काल कुणीतरी हात ठेवला होता. आणि पानामागे किडा बसलाय."

"मागे?"

"मागे. मिशा हलवतोय. मूड बरा दिसत नाही त्याचा. सासुरवाडीहून आलेला असावा."

मेव्हण्यांनी डोळे बारीक केले. त्यांना किडा दिसेना. पण टेक्निकल माणसाने किडा कुठाय असं विचारायचं कसं? "हो, हो," ते म्हणाले, "तो डावीकडचा ना?"

"उजवीकडचा," अण्णा म्हणाले.

"अगदी उजवीकडचा," बायको म्हणाली. (सख्खा भाऊ असला तरी राहायचं आमच्याकडे आहे.)

"मला तर बाई पहिल्या दिवसापासून उजवीकडेच दिसतोय," पाठमोरी आई म्हणाली.

मी कडांकडे पाहिलं. कडा काही बोलत नव्हत्या, तरी मी उजवीकडे मान हलवली. पाचांपैकी चार. ऐंशी टक्के.

अण्णांचा आवाज फार मऊ झाला. "मेव्हणेबुवा, तुम्ही येताना मोटार स्वतः चालवत आलात?"

मेव्हणे तत्त्वाचे पक्के. थोडा घाम आला, पण चावी त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टेबलावर ठेवली. मी कपाटाचं कुलूप काढलं. अण्णांनी ती आत ठेवली, तिथली आपली उचलली आणि मेव्हण्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी सोडलं. वाटेत गॅरेजमध्ये चार डाव झाले. मेव्हणे नुसते बसून होते. पत्ते त्यांच्या हातात द्यायला कुणी तयार होईना. नजर अधू असलेला माणूस राणीला गुलाम समजायचा.

आता गॅरेजमध्ये रोज पत्त्यांनंतर अण्णांचा वर्ग भरतो. ज्यांच्या मुलांनी, सुनांनी किंवा साहेबांनी काही ना काही काढून घेतलं आहे, अशी माणसं तिथे येतात. पहिल्या महिन्यात योग्य जागी "वा" म्हणायला शिकवतात. दुसऱ्यात, कशाला ते न विचारता म्हणायला. तिसऱ्यात, समोरच्याच्या आधी म्हणायला. मेव्हणे कष्टाळू आहेत. गेल्या आठवड्यात त्यांना किडा दिसला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता किड्याच्या बायकोवर अडलंय. ती दिसली की मोटारीची चावी मिळणार.

(केबल सध्या गच्चीत आहे. कपड्यांची दोरी तुटली तेव्हा आईला मजबूत असं काहीतरी हवं होतं. टीव्हीला खोक्यातली फुकटची वायर परत लागली आहे. ही गोष्ट अण्णांच्या फेरतपासणीआधीची आहे, पण त्याने काही बिघडत नाही. आईच्या मते, हल्ली चादरींच्या कडा बोलतात.)

काही वाचक म्हणतील, ही एचडीएमआयची वायर आहे. तिच्यातून चित्र एकतर येतं किंवा येत नाही. आलं तर कुठल्याही धड वायरीतून सारखंच येतं. अशा वाचकांची आम्हाला काळजी वाटते. रस्ता ओलांडताना त्यांनी कुणाचा तरी हात धरावा. ज्यांना ही कथा ठीकठाक वाटली, त्यांनी वर्गाला पहिल्या महिन्यापासून यावं. आणि जे उद्या चारचौघांत कुणी विचारण्याआधीच "वा, काय लिहिलंय!" म्हणणार आहेत, त्यांनी येऊ नये. त्यांना शिकवण्यासारखं अण्णांकडे काही उरलेलं नाही.