ठाणे पश्चिमेची संमती

रविकांत बेहेरे कचरा टाकायलाही कोट घालून जात. नागोयात मुलाकडे राहायला येऊन त्यांना महिना झाला होता आणि जपानमध्ये भारताची अब्रू आपल्या कोटाच्या इस्त्रीवर टिकून आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्या मंगळवारी मुलगा अंबरीष कामासाठी कोबेला गेला होता, नात जुई शाळेत होती आणि सून उत्तरा पहाटेच ऑफिसला निघून गेली होती. रविकांत जळाऊ कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरले, कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली ती नीट सरकवली, शेजारच्या आजींना कमरेतून वाकून नमस्कार केला आणि वर आले. दार बंद होतं. ते आपोआप बंद होणाऱ्या जातीचं होतं. किल्ली आत, मोबाइल आत; गॅसवर काही ठेवलेलं नव्हतं, एवढंच नशीब.

कोटाच्या खिशात मात्र मेट्रोचं कार्ड होतं आणि स्वतःची व्हिजिटिंग कार्डं होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर रविकांतांनी 'आंतरराष्ट्रीय घडामोडी अभ्यास मंडळ, ठाणे (पश्चिम)' स्थापन केलं होतं आणि स्थापनेपासून तेच अध्यक्ष होते. कार्डावर हे सगळं इंग्रजीत, उठावदार अक्षरांत होतं. मंडळाच्या नावात जग असलं तरी अभ्यासात मुख्यतः अमेरिका असे. अमेरिका मनाला येईल तसं वागते, कुणाला विचारत नाही, सही केलेले करार मोडते, हा रविकांतांचा विषय होता आणि अमेरिकाही त्यांना विषय कमी पडू देत नव्हती. घरात मात्र श्रोता मिळत नसे. त्यांनी 'अमेरिकेचं मूळ दुखणं असं आहे' अशी सुरुवात केली की अंबरीष फोन घेऊन बाथरूममध्ये शिरे आणि जुई आजोबांना जपानी हाक मारून म्हणे, "ओजीचान, लेटर, ओके?"

आदल्या रात्री तर उत्तरानेही हात जोडले होते.

"बाबा, आज अमेरिका नको. प्लीज. उद्या माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे."

"अगं, पण तो प्रश्नच मुळी अमेरिकेचा आहे!"

"म्हणूनच नको."

उत्तराची कंपनी मोटारींच्या ब्रेकचे पाइप बनवत असे आणि ते बहुतेक सगळे अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाकडे जात. अमेरिकेने एके दिवशी मित्र पाहिला नाही, शत्रू पाहिला नाही, सरसकट सगळ्यांच्या मोटारींवर आणि सुट्या भागांवर आयातकर चढवला. आता त्या गिऱ्हाइकाचे व्हिटकॉम्ब नावाचे साहेब येऊन सांगणार होते की हा सगळा कर तुम्हीच सोसा. कंपनीने मान तुकवली असती तर पाइपची लाइन तोट्यात जाऊन मार्चपर्यंत बंद पडली असती. ती लाइन उत्तरा सांभाळत होती. लाइन गेली की तिची पाठवणी कंपनीच्या पुण्याच्या शाखेत, आणि दहा वर्षांची जुई, जिला मराठीत रागावलं तर जपानीत रडू येई, तीही तिच्याबरोबर. उत्तराला रात्रभर झोप नव्हती.

रविकांत मेट्रोने कंपनीत पोहोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. रिसेप्शनच्या मुलीला त्यांनी जुईने शिकवल्याप्रमाणे दोन्ही हातांनी कार्ड दिलं आणि "उत्तरा-सान" एवढंच म्हटलं. मुलीने कार्ड वाचलं आणि ती ताडकन उभी राहिली. तिचंही काही चुकलं नाही. हेड ऑफिसने मीटिंगला एक ज्येष्ठ सल्लागार पाठवायचं कबूल केलं होतं; ते आले तर क्षणभरही ताटकळत ठेवू नकोस, अशी तिला ताकीद होती. समोर कोट घातलेले, पांढऱ्या केसांचे अध्यक्ष उभे होते आणि ते मीटिंगमधल्याच बाईंचं नाव घेत होते. खरे सल्लागार येणार नव्हते. कुणाला पाठवावं यावर हेड ऑफिसात अजून विचार चालला होता.

तिने रविकांतांना तडक मीटिंग रूममध्ये नेलं. प्रोजेक्टरच्या पडद्याजवळ उभी असलेली उत्तरा जागच्या जागी गार झाली.

"बाबा! तुम्ही इथे?"

"अगं, दार लागलं. किल्ली दे फक्त."

पण हे मराठीत. खोलीतल्या बाकी लोकांना दिसले ते कोटातले वयस्कर अध्यक्ष. विभागप्रमुख कुरोयानागी-सान उठले, त्यामागे त्यांची सहा माणसं उठली आणि कार्डांची देवघेव सुरू झाली. प्रत्येकाने रविकांतांचं कार्ड दोन्ही हातांत धरून आदराने वाचलं. ठाणे पश्चिम म्हणजे काय, हे विचारणं उद्धटपणाचं झालं असतं, म्हणून कुणी विचारलं नाही. व्हिटकॉम्बनेही कार्ड घेतलं. मग कुरोयानागी-सान स्वतः एक खुर्ची खाली सरकले आणि त्यांनी रविकांतांना दारापासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे सगळ्यात मानाच्या खुर्चीवर बसवलं. समोर हिरवा चहा आला.

उत्तराने खालच्या खाली किल्ली त्यांच्या हातात कोंबली आणि ओठ न हलवता म्हटलं, "बाबा, ही घ्या आणि निघा."

"निघतो गं. चहा ठेवलाय त्यांनी समोर, तसाच टाकून कसा उठू? बरं दिसत नाही."

ही चूक आहे, हे माझे सासरे आहेत, असं आता सांगावं तर विभागप्रमुखांनी गिऱ्हाइकादेखत भलत्याच माणसाला मानाची खुर्ची दिली असं झालं असतं. उत्तरा निमूट सासऱ्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

व्हिटकॉम्बला चहात रस नव्हता. उंच, घाईतला माणूस; त्याने घड्याळाकडे पाहत सांगितलं, "मी चर्चेला आलेलो नाही. धोरण बदललंय. जुना करार आता धरू नका. कर तुम्ही सोसायचा, सही आज संध्याकाळपर्यंत. आम्हाला कुणाला विचारायची गरज नाही."

रविकांतांनी कप खाली ठेवला. तो आवाज ऐकून उत्तराने डोळे मिटले. ठाण्यात त्यांच्या भाषणाची सुरुवात अशीच होत असे.

"मिस्टर व्हिटकॉम्ब," रविकांत खणखणीत बँकेच्या इंग्रजीत म्हणाले, "करार तुम्हीच लिहिला होतात ना? सही तुमचीच होती?"

"हो, पण—"

"मग तुमचं भांडण या लोकांशी नाही. तुमचं भांडण तुमच्याच सहीशी आहे. आणि हे आजचं नाही. हवामानाच्या करारातून उठलात. इराणच्या करारातून उठलात. पॅसिफिकच्या व्यापार करारावर वर्षानुवर्षं बोलणी केलीत, इतरांना सह्या करायला लावल्यात आणि स्वतः उठून गेलात. मग काय झालं? उरलेल्यांनी तुमच्याशिवाय करार केला. जपानही त्यात आहे."

सात जपानी माना एकदम हलल्या. त्या देशात समोरचा बोलत असला की मान हलवायची असते. पटलं म्हणून नव्हे, ऐकतोय एवढं कळावं म्हणून. रविकांतांना हे ठाऊक नव्हतं. आयुष्यात प्रथमच आख्खं सभागृह आपल्याशी सहमत होताना त्यांना दिसत होतं. त्यांचा आवाज चढला.

"आमच्या सोसायटीत एक चेअरमन होते. पैसा त्यांचा जास्त, गाड्या त्यांच्या जास्त. एका सकाळी कुणाला न विचारता त्यांनी मुख्य गेटला स्वतःचं कुलूप घातलं. यापुढे जाणाऱ्या-येणाऱ्याने माझी परवानगी घ्यायची, म्हणाले. लोक भांडले नाहीत. हसून नमस्कार करायचे आणि मागच्या बाजूने जायचे. महिनाभरात सगळ्यांनी मिळून मागे नवं गेट बसवलं. पुढच्या गेटवर चेअरमन आणि त्यांचं कुलूप, दोघंच राहिले. शत्रू तुम्हाला घाबरले तर घाबरू देत, मिस्टर व्हिटकॉम्ब. पण मित्रही घाबरायला लागले ना, की ते तुम्हाला काही बोलणार नाहीत. फक्त दुसरं गेट शोधतील."

सात माना पुन्हा हलल्या. या वेळी दोन-तीन जरा जास्तच जोरात हलल्या, असं उत्तराला वाटलं.

व्हिटकॉम्बने त्या माना पाहिल्या. हे सगळं आधी ठरवून केलेलं आहे, एवढं त्याला स्पष्ट दिसलं. तो विभागप्रमुखांकडे वळला. "ही कंपनीची अधिकृत भूमिका समजायची का?"

कुरोयानागी-सानांची अवस्था बिकट होती. हो म्हणावं तर त्यांना कुणाचीच परवानगी नव्हती. नाही म्हणावं तर मानाच्या खुर्चीवरच्या पाहुण्याचा अपमान. त्यांनी दातांमधून लांबलचक श्वास आत ओढला, मान किंचित तिरकी केली आणि म्हणाले, "अवघड आहे." मग ते गप्प बसले.

खोलीत शांतता पसरली. जपानी माणसं अशा शांततेत आरामात बसू शकतात. अमेरिकन माणसाला ती सोसत नाही. व्हिटकॉम्बने पेन उघडलं, मिटलं. रविकांत पुन्हा बोलणार, एवढ्यात उत्तरा मराठीत दबक्या आवाजात कडाडली, "बाबा, आता एक शब्दही बोलू नका!"

भाषण ऐन रंगात असताना सुनेने चारचौघांत असं म्हणावं, याचा रविकांतांना भयंकर राग आला. त्यांनी हाताची घडी घातली, तोंड फिरवलं आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. रुसलेच ते. व्हिटकॉम्बला वाटलं, बोलणी फिसकटली.

"ठीक आहे! अर्धा कर आम्ही सोसतो," तो घाईघाईने म्हणाला. कुणी काहीच बोललं नाही. विभागप्रमुख मनातल्या मनात हे गृहस्थ नक्की कोण याचा विचार करत होते. "आणि जुना करार कायम. वरच्यांना पटवायचं मी बघतो."

तो गेल्यावर उत्तराने कमरेतून काटकोनात वाकून सगळं खरं सांगितलं. सासरे, कचरा, बंद दार, किल्ली. कुरोयानागी-सानांनी पुन्हा तो लांब श्वास घेतला. उत्तराने मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

"उत्तरा-सान," ते म्हणाले, "हे सगळं मला सहा महिन्यांपासून म्हणायचं होतं. म्हणायला चार विभागांची परवानगी लागते. अजून दोनच मिळाल्यात." मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "पण आपण दुसऱ्या संस्थेची भूमिका आपली म्हणून वापरली. हे मंडळ खरं आहे ना?"

"खरं आहे. दर गुरुवारी भरतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर."

"मग सही करण्याआधी त्यांची संमती हवी."

जपानी कंपनीत कुठल्याही निर्णयाआधी संबंधित प्रत्येकाकडे जाऊन त्याला विचारायची पद्धत असते. नेमावाशी म्हणतात तिला. त्यातून ठाणे पश्चिमही सुटणार नव्हतं. उत्तरा खिडकीकडे तोंड करून बसलेल्या सासऱ्यांकडे धावली.

"बाबा, तुमच्या हातून चुकून भलंच झालं. तुम्ही अध्यक्ष आहात ना, आत्ता हो म्हणून टाका. लाइन वाचतेय माझी!"

"मी एकटा कसा हो म्हणू?" रविकांतांचा रुसवा अजून पुरता गेला नव्हता. "मंडळाला न विचारता मी हो म्हटलं, तर माझ्यात आणि अमेरिकेत फरक काय?"

"मग मघाशी बोललात तेव्हा विचारलं होतंत मंडळाला?"

"ते भाषण होतं. ही संमती आहे."

उत्तराने हे जमेल तितकं सौम्य करून जपानीत सांगितलं. ते ऐकून कुरोयानागी-सानांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. सगळ्यांना विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारा परदेशी माणूस त्यांना नोकरीत पहिल्यांदाच भेटत होता. "गुरुवारपर्यंत थांबू," ते म्हणाले आणि वाकले. रविकांतही वाकले. उत्तराला मात्र भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. गुरुवारपर्यंत अमेरिकेचं मन दहा वेळा बदललं असतं.

बुधवारी दुपारी व्हिटकॉम्बचा फोन आलाच. उत्तरा शेजारीच उभी होती.

"सही का होत नाहीये?" त्याचा आवाज चढला होता.

"ठाणे पश्चिमेला विचारणं चालू आहे," कुरोयानागी-सान म्हणाले.

"हे ठाणे पश्चिम नेमकं कोण आहे?"

कुरोयानागी-सानांना तेही नीट माहीत नव्हतं. त्यांनी श्वास आत ओढला. "अवघड आहे."

पलीकडे बराच वेळ कुजबुज झाली. मग व्हिटकॉम्ब म्हणाला, "सांगा त्यांना, सगळा कर आम्ही सोसतो. पण त्यांनी लवकर ठरवावं, प्लीज." अमेरिका विनंती करत होती. उत्तराने टेबलाची कड घट्ट धरली, कारण ऑफिसात नाचायची पद्धत नव्हती.

गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अकरा निवृत्त माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली. रविकांत आणि उत्तरा व्हिडिओवर होते, त्यांच्या मागे कुरोयानागी-सान ताठ उभे होते. तासभर चर्चा झाली. त्यातला बराचसा वेळ पंखा कितीवर ठेवायचा यात गेला. शेवटी संमतीचा ठराव मांडला गेला. चिटणीस मोहन जोगळेकर एकटे विरोधात होते.

"कर भरतायत, ठीक आहे. उपकार नाही करत! एकतर्फी करार मोडायला निघाले होते, त्याची लेखी दिलगिरी कुठाय? त्याशिवाय मी हात वर करणार नाही."

"मोहनकाका, अहो, जाऊ द्या ना!" उत्तरा कळवळून म्हणाली. पण सगळ्यांचं एकमत हवं, असं कुरोयानागी-सानांचं म्हणणं पडलं. त्यांनी जोगळेकरांची अट अतिशय नम्र भाषेत अमेरिकेला कळवली.

शुक्रवारी करार आला. कर अमेरिकेकडे, मुदत तीन वर्षं, आणि शेवटी एक वाक्य: कुणालाही न विचारता घेतलेल्या निर्णयामुळे झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ठाण्यात बटाटेवडे वाटले गेले. जोगळेकरांना वाक्य जरा तोकडं वाटलं, पण त्यांनी हात वर केला.

संध्याकाळी उत्तरा घरी आली ती जुईला उचलून घेतच. "आपण कुठ्ठेही जात नाही," तिने सांगितलं. जुई जपानीत किंचाळली. मग उत्तरा रविकांतांसमोर येऊन मांडी घालून बसली. अंबरीषही फोन बाजूला ठेवून येऊन बसला.

"बाबा, मंगळवारी मी तुम्हाला मधेच थांबवलं. पुढचं सांगा ना. आता तर अमेरिकेने माफीसुद्धा मागितली."

रविकांतांनी घसा साफ केला आणि खुर्ची पुढे ओढली.

"अगं, ती एका व्हिटकॉम्बने मागितली," ते म्हणाले. "बाकीची अमेरिका अजून शिल्लक आहे."