एवढा घाणा काढते आणि बसते

कुटुंबव्यवस्था टिकून आहे ती नियमांमुळे, आणि नियम टिकून आहेत ते घरात कुणीतरी एक जण उभं आहे म्हणून. समाजशास्त्राच्या जाडजूड पुस्तकांत हे सापडणार नाही, कारण ती लिहिणारी माणसं जेवायला बसलेली होती.

ज्या घराबद्दल सांगायचं आहे, ते या दृष्टीनं अत्यंत सुव्यवस्थित होतं. माणसं सहा. सासरे बॉयलर-निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई कुठूनही निवृत्त न झालेल्या. थोरला मुलगा विमा सर्वेक्षक (कुणाचं काय जळलं आणि त्यात चूक जळणाऱ्याचीच कशी, हे ठरवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं). धाकटा व्यायामशाळेत लोकांना वजनं उचलायला लावी. थोरल्याची मुलगी कॉलेजात. आणि या सर्वांची सून, बायको, आई वगैरे जी एक बाई होती, तिला धाकटा दीर वहिनी म्हणे, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. वहिनी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. दिवसभर नळ्यांमधलं पाणी तपासून आकडे लिहायचे, हे तिचं काम. त्यामुळे घरी आल्यावरही तिच्या डोक्यात आपोआप मोजणी चालू राही.

या घरात आठवड्यातून चार वेळा बेकन, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या, होई. सोमवारी अंड्यांबरोबर, बुधवारी कोबीत, गुरुवारी बटाट्याच्या सूपवर चुरून, आणि रविवारी नुसतं, हवं तेवढं. बेकनइतका शिस्तीचा पदार्थ दुसरा नाही. थंड पॅनमध्ये पट्ट्या एकमेकींना न चिकटवता मांडायच्या, मंद आचेवर ठेवायच्या, चरबी सुटू लागली की उलटायच्या, कडा तपकिरी होऊन मुरडल्या की चिमट्यानं उचलून कागदावर काढायच्या. सात मिनिटं लागतात आणि सात मिनिटं तिथून हलता येत नाही. कागदावर आल्यापासून पट्टी साधारण चार मिनिटं कुरकुरीत राहते. मग ती वातड होते आणि तिच्यावर पांढरट चरबी धरते. सूप थांबतं, उकडलेले बटाटे थांबतात, बेकन कुणासाठी थांबत नाही. तेव्हा ते झाल्याबरोबर बसलेल्यांच्या ताटात गेलं पाहिजे, आणि ते तिथवर नेण्यासाठी न बसलेलं एक माणूस लागतं. या पदाची जाहिरात कधी निघाली नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वहिनी रुजू झाली होती.

वाटपाचे नियम स्पष्ट होते. सासऱ्यांची पट्टी इतकी कडक, की मोडताना आवाज आला पाहिजे (आवाज आला नाही तर पट्टी फेरतपासणीसाठी परत). नवऱ्याची मध्ये मऊ, कडेला कडक. दिराला चरबी वर्ज्य होती, मात्र त्याच चरबीत तळलेली अंडी चालत, कारण त्याला म्हणे शास्त्रीय आधार होता. मुलगी पांढरा भाग नखानं सोलून ताटाच्या कडेला लावून ठेवी. सासूबाईंचे दात गेलेले, म्हणून त्यांना मऊ, म्हणजे निवलेली पट्टी लागे. त्यासाठी कुणाला वेगळे कष्ट पडत नसत, ती आपली आपण निवत असे.

पॅनमध्ये पट्ट्या मावत पाच. घरात माणसं सहा. यात कुणाचाही दोष नव्हता. दोष भूमितीचा होता. हे लक्षात आल्यावर नवऱ्यानं मोठ्या मनानं मोठा पॅन आणला. त्यात सात मावत. त्या दिवसापासून सासरे आणि दीर दोन-दोन खाऊ लागले. भूमितीपुढे माणसाचं काही चालत नाही.

मग वहिनी काय खाई? ही चौकशी घरात कधी झाली नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. ती 'चव बघे'. तुटलेली टोकं, एका बाजूनं काळी पडलेली पट्टी, मुलीनं सोलून ठेवलेली चरबी, यांची ओट्याशी उभ्यानं चव बघितली की ते तिचं जेवण धरलं जाई. तिनं एकदा सहज हिशेब मांडला. बावीस वर्षं, आठवड्याला चार वेळा, दर खेपेला सरासरी दहा, म्हणजे सुमारे पंचेचाळीस हजार सातशे पट्ट्या. पैकी बसून, गरम असताना, अख्खी खाल्लेली: शून्य. प्रयोगशाळेत असा निकाल आला असता, तर तिनं नमुना बिघडला असं समजून नवा मागवला असता.

तिला दुसरं काही नको होतं. एक पट्टी, गरम, ताटात, खुर्चीवर बसून. एवढ्याशा गोष्टीची इतकी वर्षं इच्छा धरावी याची तिला लाजही वाटे, म्हणून ती कुणाला बोलली नव्हती.

सुटकेचा मार्ग नव्हता असं मात्र नाही. ओव्हनमध्ये एका ट्रेवर वीस पट्ट्या एकदम होतात आणि त्यांच्यापाशी उभं राहावं लागत नाही, हे तिला प्रयोगशाळेतल्या शिपाईबाईंनी सांगितलं. एका रविवारी तिनं कुणाला न सांगता तसं केलं आणि सगळ्यांबरोबर टेबलाशी येऊन बसली. पट्ट्या फस्त झाल्या, सासऱ्यांची वाजलीसुद्धा. पण हाताशी बसलेली बाई दिसल्यावर लोकांना एकेक आठवू लागलं. पाणी, मीठ, दुसरा चमचा, पहिल्या चमच्यात काय वाईट होतं म्हणून तो परत, दाराची बेल, दिराचा चार्जर. अकरा मिनिटांत ती नऊ वेळा उठली. परत आली तेव्हा तिच्या पट्टीवर चरबी धरली होती. त्यानंतर तिनं ओव्हनचं सांगितलं आणि मगच सगळ्यांना चवीतला फरक कळला.

"तरीच म्हटलं," सासरे म्हणाले. "पॅनची सर नाही हिला, सूनबाई."

पुन्हा पॅन सुरू झाला.

आता या व्यवस्थेतल्या सर्वांत सुसंस्कृत भागाकडे वळायला हवं. हे घर काही रानटी नव्हतं. वहिनी ताटात पट्टी वाढायला आली, की कुणी ना कुणी न चुकता म्हणे, "अगं, तूही बस ना आमच्याबरोबर." हे म्हणताना ताट किंचित पुढं केलेलं असे. यावर वहिनीनं द्यायचं उत्तर ठरलेलं होतं: "एवढा घाणा काढते आणि बसते." मग म्हणणाऱ्याला बरं वाटे आणि तो खायला मोकळा होई. हा आग्रह मनापासून असे, यात शंका नको. माणूस फोनवर 'कधीतरी या ना घरी' म्हणतो तेव्हा तेही मनापासूनच असतं.

सासऱ्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला दुपारी चौदा माणसं जेवायला होती. घरची पाच, नणंद आणि तिचा नवरा, आणि सासऱ्यांचे सात जुने सहकारी. (वहिनी या गणतीत येत नाही, ती यजमान.) खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडून आठ खुर्च्या मागून आणल्या, घरच्या सहा. नवऱ्यानं स्वतः दोनदा मोजल्या आणि मोजणी बिनचूक निघाली. बेत साधा होता: बेकनमध्ये गुंडाळलेले बटाटे, बेकन घातलेला घेवडा, आणि वर गरमागरम पट्ट्या, संपतील तशा. माणशी तीन धरल्या तरी बेचाळीस, म्हणजे सहा घाणे. पण आपल्याला तीन पुरतात असं चारचौघांत कोण कबूल करतं? सातव्या घाण्याला कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

वहिनी मोजत होती. पट्ट्या नव्हे, 'बस ना' मोजत होती. तास होत आला तेव्हा आकडा एकतीसवर गेला होता. आठवा घाणा कागदावर आला आणि त्यात एक पट्टी अशी उतरली होती, की वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. कडेपासून कडेपर्यंत एकसारखी तपकिरी, कुठं काळा डाग नाही, मुरड अशी की हातानं घातल्यासारखी. तिनं नववा घाणा पॅनमध्ये मांडला, आच तशीच ठेवली आणि वाढायला बाहेर आली.

"वहिनी, किती धावपळ करतेस गं," नणंद ताट पुढं करत म्हणाली. "बस ना आमच्याबरोबर."

बत्तीस.

"बरं," वहिनी म्हणाली.

नणंदेचं ताट तसंच हवेत राहिलं. मग सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं खुर्च्यांकडे पाहिलं, आणि खुर्च्या चौदा होत्या. बावीस वर्षं जिला बसण्याचा आग्रह चालला होता, तिच्यासाठी खुर्ची आणायचं कुणाला सुचलं नव्हतं. नवऱ्यानं मनातल्या मनात पुन्हा मोजून पाहिल्या. वहिनी आत गेली, वरच्या फळीवरचे डबे काढायचं ठेंगणं स्टूल आणि एक ताट घेऊन आली, सासूबाईंच्या शेजारी कोपऱ्यात टेकली, आणि ती एक पट्टी तिनं स्वतःच्या ताटात ठेवली. टेबल तिच्या हनुवटीपर्यंत येत होतं.

तिनं खायला सुरुवात केली. कडक्कन आवाज झाला. तिला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

"कशी लागते गं?" सासूबाईंनी तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं. "गरम?"

वहिनीनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. वहिनी येण्याआधी सासूबाई तीस वर्षं याच ओट्याशी उभ्या होत्या. खुर्ची मिळाली तेव्हा दात गेले होते. हे वहिनीला माहीत होतं, पण माहीत असूनही आजवर दिसलं नव्हतं, कारण वाढताना तिनं स्वतःच बावीस वर्षं त्यांच्या ताटात निवलेली पट्टी ठेवली होती. तिनं उरलेली अर्धी पट्टी त्यांच्या हातात दिली. सासूबाईंना ती चावता आली नाही. त्यांनी ती नुसतीच तोंडात धरून ठेवली आणि डोळे मिटले.

तेवढ्यात वास आला. तो चौदाही जणांना आला, याबद्दल पुढं कुणीही इन्कार केला नाही.

"काहीतरी जळतंय," मुलगी म्हणाली.

"जळतंय खरं," दीर म्हणाला.

"सूनबाई, जळतंय बघ," असं सासरे म्हणाले. त्यांनी तीस वर्षं बॉयलर तपासले होते. सातही सहकारी त्याच खात्यातले असल्यामुळे त्यांनी वासावरून तापमानाचा अंदाज बांधायला घेतला आणि त्यावर त्यांच्यात सौम्य मतभेद झाले. वहिनी उठली नाही. सासूबाईंनी तिचं मनगट धरून ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर नसतं धरलं तरी ती उठली नसती. धूर बाहेरच्या खोलीत आला. शेवटी खालचा शिंपी धूर बघून जिना चढून आला, उघड्या दारातून आत शिरला, शेगडीची कळ फिरवून खिडकी उघडली आणि जाताना म्हणाला, "खुर्च्या सावकाश द्या." या सगळ्याला त्याला अर्धं मिनिट लागलं.

नुकसान पुढीलप्रमाणे: पट्ट्या सात, पॅन एक, ओट्यावरचं फडकं एक, पाहुण्यांचा मूड. नवरा सर्वेक्षक असल्यामुळे पाहुणे गेल्यावर रीतसर चौकशी झाली. सासऱ्यांनी सांगितलं की आपल्याला वाटलं सूनबाई बघेल. दिरानं सांगितलं की आपण उठणारच होतो. मुलीनं सांगितलं की सर्वांत आधी आपणच सांगितलं होतं. नणंदेच्या नवऱ्याचं म्हणणं पडलं की जावयानं सासरच्या स्वयंपाकघरात शिरणं बरं दिसत नाही. नणंद मात्र रडू लागली आणि म्हणाली, "मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं. मला काय माहीत ही खरंच बसेल?" हा जबाब निर्णायक ठरला.

"पण तू उठली का नाहीस?" नवऱ्यानं विचारलं.

"खात होते," वहिनी म्हणाली.

नवऱ्याच्या कामात अपघाताच्या कारणांचे एकोणीस प्रकार होते. हे कारण कशातच बसेना, तेव्हा त्यानं 'जबाबदार व्यक्ती जागेवर नसणे' हे नक्की केलं. पुनरावृत्ती टाळण्यासाठी उपायही ठरले. स्टूल गॅलरीत हलवण्यात आलं. 'बस ना' हे यापुढे शेवटचा घाणा उतरल्यावरच म्हणावं, असं सर्वानुमते ठरलं. आणि वहिनीला कुणी दुखावल्यासारखं वाटू नये म्हणून सगळ्यांनी मिळून तिला एक नवा, आणखी मोठा पॅन भेट दिला. त्यात नऊ मावतात.

पुढच्या रविवारी सासूबाई उठून ओट्याशी गेल्या आणि चिमटा मागू लागल्या. "तू बस जाऊन, मी काढते," म्हणाल्या. नवऱ्यानं त्यांना हाताला धरून परत खुर्चीत आणून बसवलं. या वयात आईला उभं ठेवणं त्याला बरं दिसेना.

एव्हाना या घराबद्दल तुम्हाला चांगलाच संताप आला असेल. आपल्याकडे असलं काही नाही, आपण सगळे एकत्रच बसतो, असंही मनात येऊन गेलं असेल, आणि जेवण व्हायला थोडा वेळ असताना असं काहीतरी चांगलं वाचायला मिळालं म्हणून बरंही वाटलं असेल. आवडली असेल तर ही कथा घरात जरूर वाचून दाखवा, तिलाही हसू येईल. फक्त जरा मोठ्यानं वाचा. तुम्ही बसला आहात तिथून ओट्यापर्यंत, शेगडी चालू असताना, आवाज नीट पोचत नाही.