हलकंफुलकं पायमशीन

"सुलू, मी असं स्टँड बनवतो, की तू ते काखेत मारून मासवणला जाशील!" रामनाथने चहाचा कप ओट्यावर आपटून जाहीर केलं.

सुलू ब्लाउजला हूक लावत होती. तिने मान वर केली नाही. "आणि मशीन?"

"मशीन दुसऱ्या काखेत!"

"म्हंजे पिशव्या मी डोक्यावर घेऊ?"

या असल्या बारीकसारीक शंकांना रामनाथ कधीच उत्तर देत नसे. बोईसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात त्याचा जन्म गेला होता. गेल्या वर्षी तो निवृत्त झाला आणि तेव्हापासून तारापूरच्या घरातल्या एकेका वस्तूच्या मागे लागला होता. त्याने दुरुस्त केलेला पंखा आता छताला वारा घालायचा. मिक्सर चालू केला की शेजारच्यांचा टीव्ही दिसेनासा व्हायचा. घरात त्याचा हात न लागलेली एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे सुलूचं काळंभोर, जुनं पायमशीन.

मशीन कसलं, हत्तीच! वरचं यंत्र एकवेळ पोत्यात घालून नेता आलं असतं, पण खालचं बिडाचं स्टँड हलवायचं तर अर्धी आळी गोळा करावी लागे. आणि नेमकं आता ते हलवायची वेळ आली होती. सुलूची थोरली बहीण रखमाबाई मासवणला राहायची. तिच्या मुलीचं, समिधाचं लग्न ठरलं होतं. नवरीने लग्नासाठी असं काही खाणं सोडलं होतं, की दर आठवड्याला तिचं माप बदलत होतं. "शालूवरचं ब्लाउज हळदीच्या दिवशीच बेतायचं," असं रखमाबाईने निक्षून सांगितलं होतं. "आधी शिवलंस तर लग्नात दोघी मावतील त्यात!"

रखमाबाईकडे मशीन नव्हतं. परक्या मशीनवर सुलूचा हात बसत नव्हता. मोटर लावावी, तर मासवणची वीज लग्नघर बघून जाते असा सगळ्यांचा अनुभव.

"मग हाताचं हँडल लावा की," शेजारचा नीलेश म्हणाला.

"एका हाताने हँडल फिरवू, तर बाही काय दातात धरू?" सुलूने त्याला गप्प केलं.

म्हणून हे पायाचं, पण हलकं, घडीचं स्टँड! रामनाथने बोईसरच्या भंगारवाल्याकडून ॲल्युमिनियमचे पाइप आणले. बिजागऱ्या लावून पाय दुमडते केले. पॅडलसाठी प्लायवूडची फळी कापली. बिडाच्या जड चाकाच्या जागी लहान मुलांच्या सायकलचं चाक बसवलं. सगळं मिळून इतकं हलकं झालं, की रामनाथने ते एका करंगळीवर उचलून आळीभर मिरवलं. नीलेशने त्याचा फोटोही काढला.

त्यावर मशीन चढवून सुलू शिवायला बसली. तिने पॅडल मारलं. चाक अर्धा फेरा फिरलं, तिथेच थबकलं आणि उलटं फिरलं. दोऱ्याचा हा गुंता!

"चाकात दम नाय," सुलू म्हणाली.

"दम भरू!" रामनाथ म्हणाला. तो समुद्रावर गेला, पिशवीभर ओली वाळू घेऊन आला आणि ती त्याने सायकलच्या टायरमध्ये ठासून भरली. आता मात्र चाक असं फिरायला लागलं, की पाय काढला तरी थांबेना. अंगणातल्या सारवलेल्या मातीत स्टँडचे पाय छान रुतून बसले. सुलूने एक अख्खा परकर शिवला. टाका सरळ, दोरा शाबूत! ती चक्क हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रामनाथच्या कारागिरीकडे बघून ती अशी पहिल्यांदाच हसली होती. त्या हसण्यावर रामनाथ मासवणपर्यंत तरंगत गेला.

म्हणजे गेला एसटीनेच, सुलू आणि पोत्यातलं मशीन बरोबर घेऊन. पालघरला गाडीत चढताना कंडक्टरने त्या पाइप-चाकांच्या बोजाकडे बघितलं. "काका, अख्खा आकाशपाळणा आणलात काय?"

"पायमशीनचं स्टँड आहे. स्वतः बनवलंय! घडीचं!" रामनाथने तिथल्या तिथे घडी उघडून दाखवली. गाडीचा दरवाजा अडला. चढणारे खाली आणि उतरणारे वर अडकले. ती घडी पुन्हा मिटेपर्यंत कंडक्टरने दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या.

लग्नघरात पाऊल टाकलं आणि रामनाथचे डोळे दिपले. रखमाबाईने लग्नासाठी घराला नवी फरशी बसवली होती. अशी गुळगुळीत, की खाली बघून भांग पाडावा! अंगणात मांडव, मांडवात आचारी, आचाऱ्यांभोवती धूर. त्यामुळे स्टँड मांडलं ते घरात, त्या फरशीवर.

समिधाचं माप घेतलं, कापड कापलं, ब्लाउजचं अंग शिवून झालं. एवढं होईपर्यंत स्टँड थोडंसं सरकलं होतं. सुलूने ते मागे ओढलं आणि स्टूलही मागे घेतलं. पण पहिली बाही जोडताना तिने वेग घेतला आणि स्टँड चालू लागलं!

अगदी चालूच लागलं. वाळूचं जड चाक गरगर फिरतंय, वरचं ॲल्युमिनियम थडथड उडतंय आणि एकेक पाय टाकत मशीन निघालंय दाराकडे. सुलू स्टुलासकट मागे मागे.

"अहो, हे कुठं चाललं? धरा!"

"तू पाय काढ!"

"काढलाय! चाक थांबत नाय! तुमीच भरलाय ना दम!"

नेमक्या त्याच वेळी बाहेर सनई वाजली. नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन दारात आली होती! सगळ्यांच्या पुढे विहीणबाई, काशीबाई. ठसठशीत कुंकू, भारदस्त अंग, गुडघे धरून एकेक पायरी चढत आलेल्या. साखरपुड्यात चहा गार मिळाला म्हणून या बाई अजून रुसलेल्या होत्या. त्यांचा मान राखायचा, म्हणून रखमाबाईने ताजा चहा मघापासून चुलीवरच ठेवला होता.

काशीबाईंनी उंबरठा ओलांडला आणि समोरून एक शिवणयंत्र आपल्या पायांनी त्यांच्या स्वागताला आलं!

"अगो बाय! हे काय हाय?" त्या वाकल्या, दोन्ही हातांनी त्यांनी मशीन अडवलं. ते थांबलं, पण सुई थांबली नव्हती. वाकताना त्यांचा पदर सुटून मशीनवर पडला होता आणि टकटकटकटक!

इकडून रामनाथने सूर मारला. नव्या फरशीवर पाय घसरला, तो हळदीचं ताट धरलेल्या करवलीवर जाऊन आदळला आणि नवऱ्याची उष्टी हळद नवरीच्या या काकाला लागली. डोक्यापासून हनुवटीपर्यंत!

चाक एकदाचं थांबलं. सनईही थांबली. काशीबाईंचा जरीचा पदर समिधाच्या बाहीला वीतभर शिवला गेला होता.

"मावशी! माझी बाही!" समिधा रडकुंडीला आली.

रखमाबाईच्या हातून चहाची किटली खाली पडायची बाकी होती. ती बहिणीकडे बघून पुटपुटली, "सुलू, माझ्या पोरीचं लग्न मोडतंय गो."

रामनाथला वाटलं, फरशी नवी आहे खरी, पण दुभंगली तर बरं. त्याने हळद भरलेले डोळे कसेबसे उघडले आणि हात जोडले. "विहीणबाई, चूक माझी आहे. सुलूला काही बोलू नका. तिचा टाका कधी चुकत नाही."

काशीबाईंनी पदराकडे बघितलं. बोटांनी ओढून बघितला. टाका निघेना. मग त्यांनी पिवळ्याधमक रामनाथकडे बघितलं आणि त्यांचं ते भारदस्त अंग हलायला लागलं. आधी वाटलं, रागाने थरथरतायत. मग कळलं, हसतायत! "लगीन उद्या, आनि सून मला आजच शिवून टाकली! आता सोडतेय कशी?"

सगळा मांडव हसला. सनईवाल्याने सनई परत तोंडाला लावली.

पण पदर नाजूक, टाके घट्ट. सुलू ब्लेडने एकेक टाका उसवायला बसली. तोवर काशीबाईंना हलता येईना, म्हणून त्यांना तिथेच मशीनसमोर खुर्ची दिली. बसल्या बसल्या त्यांचा पाय पॅडलवर गेला. सुलूने पट्टा काढून ठेवला होता, त्यामुळे नुसतं चाक फिरत राहिलं. खाली-वर, खाली-वर.

"अगो!" त्या एकदम ओरडल्या. सगळे दचकले. "माजा गुडगा! बरा वाटतेय गो!"

पदर सुटला, तरी बाई उठेनात. शेवटी तसंच ठरलं. पट्टा पुन्हा चढवला. पॅडल काशीबाईंनी मारायचं, बाजूला उभं राहून दोन्ही हातांनी कापड सुलूने सरकवायचं आणि स्टँड चालू नये म्हणून रामनाथने मागच्या पाइपवर बूड टेकून बसायचं! त्या हलक्या स्टँडला अखेर वजन मिळालं. काशीबाईंनी पॅडल मारत ताजा, गरमागरम चहा घेतला आणि साखरपुड्याचा हिशोब तिथेच मिटला. नवरीचं ब्लाउज तिच्या सासूच्या पायांनी शिवून झालं. दुसऱ्या दिवशी मांडवात ते समिधाला असं बसलं, की सुलूने चारचौघांत रामनाथकडे बघून पुन्हा एकदा तसंच हसून घेतलं. त्याच्या कानामागची हळद अजून गेली नव्हती, तरी!

लग्न लागलं, जेवणं झाली आणि नवऱ्याकडच्या बायकांनी रामनाथला गराडा घातला. एकीचा गुडघा, दुसरीची कंबर, तिसरीच्या पायाला मुंग्या. सगळ्यांना ते यंत्र हवं होतं. सफाळ्याच्या एका मामींनी तर त्याचा फोन नंबरच मागून घेतला.

रामनाथची छाती फुगली. "जरूर बनवून देतो! पाइप आणखी जाड घेऊ. घडी तशीच ठेवू. मशीन वर असं पक्कं बसेल, की..."

"ते सगळं ठीक हाय," मामी म्हणाल्या, "पन त्याच्यावर शिवायचं ते कशाला बसवता? उगाच मधे येतंय."