कोरं लायसन

नामदेवमामा बसमध्ये कधी बसत नाहीत. जागा रिकामी असली तरी ड्रायव्हरच्या पाठीमागे उभे राहतात आणि वसमतपासून कुरुंद्यापर्यंत त्याच्या चुका मोजतात. "हॉर्न न्हाई दिला. एक पॉइंट!" ड्रायव्हर वैतागून आरशातून बघतो. "आरशात पाहून राहिला, रस्त्यावर नजर न्हाई. अजून एक!"

जन्मभर जीप हाकलेला हा माणूस माझा शेजारी. मोबाईलवर कुठंतरी त्यांनी बातमी पाहिली, की आता चुकीगणिक लायसनवर पॉइंट चढणार, फार साचले की लायसन बंद, आणि सालभर नीट राहिलं की सगळं पुन्हा कोरं. सरकारचं काय ठरलं ते सरकारला माहीत. आमच्या गल्लीत मामांनी कायदा लागूसुद्धा केला. माझ्या बायकोनं चहात साखर जास्त टाकली, पॉइंट. मी शाळेतून उशिरा आलो, पॉइंट. "सर, तुमचं लायसन धोक्यात हाय बरं का!" मला तर सायकलही धड येत नाही.

बोलताना अंगणात येरझारा चालू. चहासुद्धा उभ्यानंच. डोकं उठवतो हा माणूस, खरं सांगतो.

परवा मात्र आले तेव्हा येरझारा नाहीत. कठड्याला धरून म्हणाले, "सर, साल भरलं. मी सालभर स्टेअरिंगला हात लावला न्हाई."

"मामा, गाडी चालवलीच नाही तर चूक होईल कुठून?"

"तेच तं! म्हणून कोरं झालं ना बराबर?"

मग एकेक कळत गेलं. जवळा बाजारला दिलेली त्यांची लेक संगीता सालभरापूर्वी सासू-सासऱ्यांना बसवून, नवी गाडी स्वतः चालवत बापाला दाखवायला आली होती. मागं घेताना गाडी फाटकाला घासली. मामांनी सगळ्यांदेखत किल्ली काढून घेतली आणि "तुला अक्कल न्हाई" म्हणाले. तेव्हापासून ती आली नाही, तिचा फोनही नाही. म्हणून मामांनी स्वतःचंच लायसन बंद केलं होतं.

"मामा, हे आपोआप कोरं होत नसतं. तिला विचारावं लागतं."

पुन्हा येरझारा सुरू झाल्या. दोनदा फोन काढला, दोनदा खिशात घातला. शेवटी स्पीकर लावून म्हणाले, "संगीता, गाडी घेऊन ये. तू चालव, मी बाजूला बसतो. तोंड उघडत न्हाई."

तिकडून घाबरलेला आवाज आला, "बाबा, तुमची तब्येत बरी हाय ना?"