निवेदनातील शाब्दिक दुरुस्ती

कोथरूडच्या आदिवासी हक्क सहप्रवासी मंडळाचं सभासदत्व विनामूल्य आहे. अट एकच : आदिवासींवरचा अन्याय ऐकून सभासदाला अस्वस्थ वाटलं पाहिजे. सभेच्या आरंभी बेचाळीसही सभासद उभे राहून निवेदन वाचतात, अस्वस्थ होतात आणि बसतात. चहा त्यानंतर.

निवेदन चिटणीस हेमाताईंनी लिहिलेलं. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे त्यांना मोघम लिहिणं जमत नसे. 'आम्ही निसर्गपुत्रांचे ऋणी आहोत' हे अध्यक्ष अनंतरावांचं वाक्य खोडून त्यांनी लिहिलं होतं : 'पळसधार गावची डोंगरउताराची जमीन कातकऱ्यांची होती व आहे, हे आम्ही मान्य करतो.' पळसधारच का, तर नऊ सभासदांचे सुट्टीतले बंगले तिथेच होते. हेमाताईंचाही, अकरा गुंठ्यांत. पाया खणताना निघालेले चुलीचे तीन दगड त्यांनी बागेत हौसेने मांडले होते.

यंदा आदिवासी दिनाला पळसधारच्याच दुर्गाबाई कातकरी यांना सत्काराला बोलावलं. त्यांनी निवेदन लक्ष देऊन ऐकलं. शाल घेतली, नारळ घेतला आणि विचारलं, "ताई, ह्यो कागद मिळंल का? सही-शिक्का मारून?"

"कशासाठी हो?"

"गुरुवारी सायबाकडं सुनावणी हाय. आमी तिथलं, याचा पुरावा मागत्यात. न्हाई दिला तर उरलेली सात घरंबी उठवणार. तुमी तर समदे एका सुरात कबूल झालात."

सभागृहात अस्वस्थता पसरली. ही मात्र सभासदत्वाच्या अटीत बसणारी नव्हती.

"अहो, शिक्का म्हणजे काय हळदीकुंकवाचा करंडा आहे, येईल तिच्यापुढे धरायला?" अनंतराव पुटपुटले.

खराडीच्या आयटी कंपनीत नोकरी करणारा सभासद सलिल हेमाताईंच्या कानाशी आला. "ताई, स्टेटमेंट अमेझिंग आहे. फक्त लीगली जरा खरं झालंय."

चहा थांबवण्यात आला. जागच्या जागी शब्दयोजना उपसमिती नेमली गेली आणि पाऊण तासात तिचा अहवालही आला. 'जमीन'ऐवजी 'भूमी' घ्यावं. शब्द व्यापक आहे, आणि भूमीला सातबारा नसतो. 'होती व आहे' यातलं 'व आहे' अनावश्यक, गावाचं नावही. 'कातकऱ्यांची'ऐवजी 'सकल मानवजातीची माता'.

दोन्ही कागद हेमाताईंसमोर आले. वनस्पतीच्या नमुन्याखाली ती सापडल्याचं स्थळ न लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या नापास करत. पेन जुन्या कागदावर क्षणभर थांबलं. मग त्यांना ते तीन दगड आठवले, आणि दगडांमागून बंगला आठवला. त्यांनी दुरुस्त कागदावर सही केली, शिक्का मारला आणि दुर्गाबाईंना वाचून दाखवला.

"ताई, असं करा," दुर्गाबाई म्हणाल्या, "भूमी तुमच्या सातबाऱ्यावर घाला. आमच्या कागदावर जमीनच ऱ्हाऊ द्या."

"वा! किती मार्मिक!" अनंतराव म्हणाले. टाळ्या झाल्या. पुढल्या वर्षीच्या निमंत्रणपत्रिकेवर हे वाक्य छापायचं ठरलं.

दुर्गाबाईंनी कागद आणि शाल खुर्चीवर ठेवली. नारळ नेला, तो निदान फोडता येतो.

गुरुवारी पुराव्याअभावी दावा फेटाळला गेला. पुढच्या सभेत हेमाताईंनी उठवलेल्या सात घरांची नावं अचूक वाचली, आणि सगळे उभे राहून अस्वस्थ झाले.

इथवर वाचताना आपल्यालाही थोडं अस्वस्थ वाटलं असेल, तर अभिनंदन. आपला सभासद क्रमांक त्रेचाळीस. आता बसून घ्यावं, चहा येतोय.