बोलेल तो भरेल

अदोमाकोने कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडला होता आणि हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस अख्ख्या कुमासी शहरात सापडला नसता. खोका एका मेलेल्या मशीनचा, पंखा दुसऱ्याचा, हार्ड डिस्क तिसऱ्याची. बढाई तेवढी नवी कोरी. बायकोचे मामा वारले तेव्हा त्या बढाईच्या भरातच तो सासरी बोलून बसला होता, "मामांच्या अंत्यविधीत वाटायची पुस्तिका बाहेर कशाला करता? मी आहे ना! साठ फोटो, सगळे रंगीत."

अंत्यविधी शनिवारी. छापखान्याने गुरुवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिलेली. आणि गुरुवारी दुपारी कॉम्प्युटर अकराव्या फोटोवर गपगार पडला. मामा कपाळापासून मिशीपर्यंत उमटले, पुढे नाही.

"मेमरी कमी पडतेय," अदोमाको म्हणाला.

"मेमरी कमी पडतेय की अक्कल ते तुम्ही बघा," त्याची बायको सेरवा म्हणाली. "बिनपुस्तिकेचा मामा पुरला तर माहेरचा उंबरठा बंद होईल मला. मी शिंप्याकडून काळे कपडे घेऊन येते. तोवर मामा पायापर्यंत दिसले पाहिजेत!"

ती गेली. अदोमाकोने अदुमचा बाजार गाठला आणि जुन्यातली एक मेमरीची पट्टी आणली.

आता त्या घराचं सांगायला हवं. एका अंगणाभोवती तीन बिऱ्हाडं आणि विजेचं मीटर एकच, तेही अदोमाकोच्या खिडकीबाहेर. आधी पैसे भरा, मग वीज जाळा. संपत आली की मीटर टीं टीं ओरडायचं. पाळी कुणाची, यावर इतकी तोंडं वाजली की शेवटी एक कायदाच होऊन गेला: मीटर ओरडतंय असं जो आधी म्हणेल, त्याने कार्ड घेऊन जायचं आणि भरून आणायचं. त्या दिवसापासून तिन्ही बिऱ्हाडं ठार बहिरी झाली. अदोमाको तर इतका मन लावून बहिरा झाला की मीटर ही वस्तूच त्याच्या डोक्यातून गेली.

त्याने खोका उघडला, पट्टी बसवली, बटण दाबलं.

टीं. टीं. टीं.

"बोंबला!" मेमरी नीट बसली नाही की कॉम्प्युटर असाच ओरडतो, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. पडदा उजळायची वाटही न बघता त्याने सगळं बंद केलं, पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले, पुन्हा बसवली. टीं टीं. त्याने वायर उपटली. तरी टीं टीं.

दारात शेजारच्या बिऱ्हाडातली फोरिवा मावशी येऊन उभी राहिली. ती गार पाणी विकायची आणि तिचा फ्रीजर बैलासारखा घुमायचा.

"काय रे, रडतोय वाटतं तुझा खोका?"

"वायर काढली तरी ओरडतोय, मावशी. आत वीज साठलेली असते."

"असणारच!" मागून तिसऱ्या बिऱ्हाडातले दापा मास्तर म्हणाले. शाळा सुटली की ते टीव्हीसमोर बसायचे ते जेवायलाच उठायचे. "विज्ञानच आहे ते. चांगली तासभर साठते."

"माझ्या नवऱ्याचा रेडिओ मरताना असाच ओरडला होता," मावशी म्हणाली. "तू खोल अजून. आतूनच येतोय आवाज."

"आतूनच," मास्तर खिडकीकडे पाठ करून म्हणाले.

अदोमाकोने बोर्डावरची चपटी बॅटरी काढली, पंखा काढला. मामांची पुस्तिका चटईवर सुट्या स्क्रूंच्या रूपात पसरली. तेवढ्यात फाटकातून सेरवा कपड्यांचं गाठोडं घेऊन आत आली आणि अंगणातूनच कडाडली, "अहो, बहिरे झालात का? मीटर ओरडतंय ना!"

"बोलली!" मास्तरांनी टाळीच वाजवली.

"मुली, कायदा तुला माहीत आहे," मावशी प्रेमाने म्हणाली. आणि मीटरने तिचीच वाट पाहिल्यासारखा जीव सोडला. बैल घुमायचा थांबला.

"तुम्हाला माहीत होतं?" अदोमाकोने विचारलं.

"आम्हाला कसं ऐकू येणार बाबा," मावशी म्हणाली, "तुझा खोका ओरडत होता ना!"

बायको बोलली म्हणून कार्ड घेऊन तो वीज भरायच्या रांगेत उभा राहिला. स्वतःला त्याने ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. परत येऊन मीटर भरलं, घाईघाईत खोका जोडला, बटण दाबलं.

टीं. टीं. टीं.

त्याने खोक्याला कान लावला. या वेळी आवाज खरंच आतून येत होता. पट्टी एका बाजूने वर राहिली होती.

"अहो, पुन्हा मीटर—" सेरवाने तोंड उघडलं. त्याने झडप घालून ते दाबलं.

"गप! कॉम्प्युटर आहे तो."

"मग बसवा की नीट!"

"बसवतो. जरा दम धर."

अंगणात शेजारी चिडीचूप झाले. आत्ताच भरलेली वीज एवढ्यात संपली? विचारायचं कुणी? विचारलं की गळ्यात पडलं! आधी मास्तरांचा टीव्ही हळूच बंद झाला. मग बैल एकदा हुंकारला आणि निजला. इतकी वर्षं भांडून जी वीज वाचली नव्हती ती न भांडता वाचली. मग अदोमाकोने अंगठ्याने पट्टी दाबली. कट् झालं, आवाज थांबला, पडदा उजळला आणि मामा मिशीखाली उतरत उतरत चपलांपर्यंत आले.

पुस्तिका वेळेत छापून झाली. शेवटच्या पानावर कुटुंबाने सगळ्यांचे आभार मानले होते. तळाशी अदोमाकोने स्वतःची एक ओळ घातली होती: "कठीण प्रसंगी मौन पाळणारे आमचे शेजारी, फोरिवा मावशी व दापा मास्तर."

मावशीने ते पान अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाला डोळे पुसत दाखवलं.