वाढत्या मापाचे बूट

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. शाळेत शिकवायच्या त्या त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई. सातवा महिना सरत आला आणि बाईंचे पाय असे सुजले, की एकही चप्पल पायात जाईना. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितलं, "काळजीचं काही नाही. पाय उशीवर ठेवायचे, फार वेळ उभं राहायचं नाही आणि पायात मऊ, सैल काहीतरी घालायचं."

"शनिवारी माझ्या वर्गाचं नाटक आहे," घरी आल्यावर बाई म्हणाल्या. "एवढं जीव ओतून बसवलंय. आता अनवाणी जाऊ का?" आणि त्यांचे डोळे भरून आले.

खरं तर दुकानातून एक नंबर मोठी चप्पल आणली असती, तर विषय तिथेच मिटला असता. पण बायकोच्या डोळ्यांत पाणी आणि आपल्या हातात कात्री असली, की माणसाला नको ते सुचतं.

"विकतचं कशाला? मी शिवतो!" मास्तर म्हणाले.

"जावईबापू, बूट आहेत ते, ब्लाउज नव्हे," बाईंच्या आई म्हणाल्या. (लेकीच्या मदतीला आल्या होत्या, जावयावर लक्ष ठेवणं हे वरचं काम.)

"माप ते माप, आई."

संध्याकाळी, सूज पुरती चढलेली असताना मास्तरांनी पावलाला टेप लावली. तिथे इतक्या वर्षांची सवय नडली. शिवणीसाठी दोन बोटं सोडली. धुतल्यावर कापड आटतं, म्हणून आणखी दोन. वर "रोज वाढतोय, वाढत्या मापाचं शिवलेलं बरं" असं पुटपुटत पुन्हा दोन. (हे ते गिऱ्हाइकांच्या पोरांबद्दल म्हणत, बायकोच्या पायाबद्दल पहिल्यांदाच.) आत गादी हवी, म्हणून कोटाच्या खांद्यांत घालायची पॅडं भरली. तळाला रबर हवं, म्हणून स्वतःच्या चपला कापल्या.

शनिवारी दुपारी बूट तयार झाले. लालभडक, मखमली. बाईंनी पाय घातला, तो आत कुठेतरी दिसेनासा झाला. पाऊल टाकलं, तर पाय पुढे आला आणि बूट मागेच राहिला.

"राहू दे," आई म्हणाल्या. "बाळाला निजवायला होतील."

"अहो, यात मी पडेन ना!" बाई रडकुंडीला आल्या. "नाटकाची वेळ झाली. आता काय घालू?"

तेवढ्यात त्यांचं लक्ष दाराशी गेलं. तिथे मास्तरांचे ठेवणीतले काळे बूट होते. बाईंनी नाड्या ढिल्या करून पाय सरकवले, चार पावलं टाकली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगंबाई! टाचसुद्धा दुखत नाही!"

मास्तरांना फार आनंद झाला. तो ओसरल्यावर लक्षात आलं, की आपल्या पायांत घालायला काहीच उरलेलं नाही. मग काय, लाल बूट चढवून ते फटक फटक करत बायकोच्या मागे निघाले.

शाळेच्या दारातच राक्षस झालेली मुलगी त्यांच्या पायांकडे बघून किंचाळली, "बाई, राक्षसाला बूट मिळाले!" मास्तर हो-नाही म्हणेपर्यंत बूट रंगमंचावर पोचलेही.

राक्षस फटक फटक करत आला आणि प्रेक्षकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. पुढच्या रांगेत स्टुलावर पाय ठेवून बाई पोट धरून हसत होत्या. महिनाभरात मास्तरांनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मागच्या भिंतीशी अनवाणी उभे असलेले मास्तर एकदम हळवे झाले. टाळ्या बुटांना होत्या, आणि बूट त्यांचे होते.

नाटक संपल्यावर लाल बूट परत पायांत घालून, छाती पुढे काढून ते बायकोबरोबर निघाले. फाटकाशी एका चिमुरडीने आईचा हात ओढला. "आई, बघ, राक्षस!"

आईने मास्तरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "छे गं! राक्षसाला शोभत होते ते. हे नुसते त्याचे बूट सांभाळणारे काका."

काळ्या बुटांत ऐटीत पुढे गेलेल्या बाईंनी वळून हाक मारली, "चला हो, काका!"